राखून ठेवलेलं नाव

माझ्या मोठ्या नणंदेला, सुमनताईंना, मी कधी बसून चहा पिताना पाहिलं नाही. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत त्या कप हातात घेऊन येरझाऱ्या घालायच्या आणि त्यांच्या आधी त्यांच्या हिरव्या बांगड्या खोलीत शिरायच्या. "आटपा गो, आटपा!" हे त्यांचं पालुपद. गेल्या वर्षी त्या गेल्या, तेव्हाही सेवा करायला कुणाला सवड दिली नाही.

माझी लेक जन्मली, तेव्हा मी घरी यायच्या आधीच त्यांनी बारशाची तयारी करून टाकली होती. पण हॉस्पिटलात बाळाच्या कानात बारीक आवाज सोडून तपासलं, तर यंत्रावर कानाचं उत्तरच उमटेना. तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "काही बाळांच्या पडद्यामागे जन्मानंतर पाणी राहतं. आवाज आत पोचत नाही आणि तपासणी फसते. कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांनाही जन्मल्यावर काही दिवस ऐकू येत नाही. महिन्याने परत बघू."

"आमची पोर काय मांजर आहे?" ताई कडाडल्या. "पाणीच आहे ना? नक्की सांगा."

"आज नक्की नाही सांगता येणार."

तो महिनाभर ताई बाळामागे ताट आपटायच्या आणि मी पापणी हलते का बघायची. हलली तरी वाटायचं, पंख्याच्या वाऱ्याने हलली असेल. बाराव्या दिवशी सासूबाईंनी पाळणा सजवला आणि नेमक्या ताईच अडून बसल्या. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. "पोचणारच नसेल तर कुणाला सांगू? आधी पोचू दे." सासूबाईंनी अबोला धरला. मलाही राग आला. मला त्यात अपशकुनच दिसला.

दुसऱ्या तपासणीला बाळ झोपलेलं हवं आणि खोलीत चिडीचूप. माझ्या मांडीवर ते झोपेना. ताईंनी बांगड्या उतरवून माझ्या ओंजळीत ठेवल्या, बाळाला घेतलं आणि खुर्चीत बसल्या. बाळ झोपलं. तपासणी संपेपर्यंत त्यांनी पदरसुद्धा सारखा केला नाही.

"पाणी गेलंय," मॅडम हसल्या. "दोन्ही कान छान आहेत."

मला रडू फुटलं. डोळे पुसून बघते तो ताई बाळाला घेऊन दाराबाहेर.

"ताई, घरी पाळणा आहे, सगळ्यांना बोलावू..."

"तोवर थांबतंय कोण!" औषधांच्या रांगेशेजारी, उभ्या उभ्या, त्यांनी बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि महिनाभर राखलेलं नाव सांगून टाकलं.

बाळाची झोपमोड झाली. त्याने जोरात भोकाड पसरलं.

"बघ," ताई डोळे पुसत म्हणाल्या, "पोचलं."