डाव्या सीटखालचा ब्रेक

ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत डाव्या सीटखालीही एक ब्रेक असतो. तो शिकवणाऱ्याचा. ठाण्याच्या खोपट डेपोतून एसटीचा ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालो आणि कल्याणला एका क्लासात शिकवायला लागलो, तेव्हापासून माझा उजवा पाय त्या ब्रेकवर आहे. आता घरी टीव्ही बघतानाही तो आपोआप दाबला जातो. गुडघा त्यानेच गेला. डॉक्टर म्हणतात, वयामुळे. डॉक्टर माझ्या शेजारी बसून कधी गाडी शिकलेले नाहीत.

मी चौथीपर्यंत शिकलो. तरी क्लासात सगळे मला मास्तर म्हणतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. मी स्वतः शिकलो ते ट्रकवर क्लीनर असताना. उस्तादाचा पाना बोटांवर बसायचा, की गियर कसा टाकायचा ते लक्षात राहायचं.

गुडघ्यामुळे दुपारी घरी पडून असतो, म्हणून सुनेने मला फोनवर भाषणं लावून द्यायला सुरुवात केली. मोठं स्टेज, मागे पडदा, कानाजवळ चिकटवलेला माइक. कोणी हरता हरता जिंकलेला, कोणी डोंगरावर जाऊन आलेला. म्हटलं, ह्यांच्या गोष्टीत गाडी चढावर बंद पडते ती पुढच्या वाक्यात चालूच होते. आमच्या गाड्या पत्रीपुलावर बंद पडतात आणि मागचे हॉर्न मारून जीव घेतात. मी असं बडबडत ऐकायचो. सून स्वयंपाकघरातून विचारायची, "बाबा, तुम्ही ऐकताय की भांडताय?" दोन्ही करत होतो. पण बंद कर म्हणालो नाही. पडून पडून करणार काय?

त्याच सुमारास एक बाई क्लासात परत आली. परत म्हणजे, आमच्याकडेच शिकलेली, परीक्षाही पास झालेली. लायसन्स पर्समध्ये आणि गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी. असे आमच्याकडे पुष्कळ असतात. गाडी कायम नवरा चालवायचा, त्यामुळे तिचं अडत नव्हतं. आता नवऱ्याला लकवा झाला होता, डावी बाजू गेलेली. व्यायामासाठी त्याला ठाण्याला न्यावं लागायचं. रिक्षात त्याला बसवता येत नव्हतं, भाड्याच्या गाडीवाल्याने दोनदा त्याची हालत बघून तोंड फिरवलं. घरात दुसरं कोणी नाही. "मास्तर, मला फक्त ह्यांना नेता-आणता यायला हवं," ती म्हणाली. "बाकी कुठे जायचंय मला?"

मी तिला पुन्हा पहिल्यापासून घेतलं. स्टिअरिंग छान, क्लच छान, आरसे बघायची. फक्त समोर काही आडवं आलं की तिचा पाय ब्रेकवर नुसता टेकून राहायचा. गाडी थांबायची, कारण मी थांबवायचो. मी रोज ओरडायचो. शेवटी एकदा गाडी बाजूला घेऊन तिने हात मांडीवर ठेवले.

"मास्तर, मला वाटतं तुम्ही दाबाल. आणि तुम्ही दाबताच."

मला राग आला. म्हटलं, नाही दाबला तर पुढच्या रिक्षाला जाऊन भेटाल.

त्या दुपारी सुनेने एका शाळेतल्या बाईंचं भाषण लावलं. साध्या साडीतल्या, पोरांना गणित शिकवणाऱ्या. पोरगं फळ्यापाशी अडलं की त्यांचा हात आपोआप खडूकडे जायचा आणि उत्तर त्याच लिहून मोकळ्या व्हायच्या. मग त्या हात पाठीमागे बांधून उभ्या राहायला लागल्या. ते जमायला फार वर्षं लागली, म्हणाल्या. मी फोनला म्हणालो, बाई, तुमचा खडू चुकला तर पुसता येतो. सून हसली. पण बाई डोक्यातून जाईनात. संध्याकाळी चहा पिताना माझा पाय टेबलाखाली दाबला जात होता, तो मी बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शिकाऊ बाईला आंबिवलीकडच्या रस्त्याला घेतलं. तिथे तेव्हा रहदारी कमी असते. एका मोकळ्या जागी गाडी थांबवायला लावली, चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली. गुडघ्यातून अशी कळ आली, की डोळ्यांत पाणी आलं.

"हे काय, मास्तर?"

"पाय दुखतोय. हळू घ्या. चला."

ती हळू निघाली. मी मांडीतच पाय दाबत होतो, आणि उजवा हात हँडब्रेकपाशी नेऊन ठेवला होता. तेवढं मला कोणतंही भाषण सोडायला लावणार नाही. एका तबेल्यापाशी म्हशी रस्त्यावर आल्या. पहिली निघून गेली, दुसरी मधेच उभी राहिली. बाईने एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हशीकडे बघत राहिलो. गाडी जोरात दचकून थांबली आणि बंद पडली. म्हैस आपली रवंथ करत आमच्याकडे बघत होती.

"मी दाबला," ती म्हणाली.

"दिसलं. क्लच विसरलात. चालू करा."

शाबासकी वगैरे मी देत नाही. पण नंतर रोज मांडी घातली, आणि रोज घरी येऊन गुडघा शेकत बसलो. पुढे तिच्या स्वतःच्या गाडीतूनही फिरलो. तिथे मला ब्रेकच नव्हता.

ती नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा ठाण्याला निघाली तेव्हा म्हणाली, मास्तर, मागे बसा. नाही म्हणालो. वॉचमनबरोबर आम्ही नवऱ्याला डाव्या सीटवर बसवलं, माझ्या जागेवर. गाडी फाटकातून बाहेर पडून वळली. मी फुटपाथवर उभा राहून जमीन दाबत होतो.

दिवसभर अंग मोडल्यासारखं वाटत होतं. सून दोनदा विचारून गेली, बरं नाही का. फोन उशाशी होता, पण भाषण लावू दिलं नाही. संध्याकाळी बाईचा फोन आला. पोहोचलो, व्यायाम झाला, परत आलो. मग म्हणाली, "ह्यांचा चांगला पाय सारखा खाली दाबत होता, मास्तर. जाताना, येताना. मला इतकं टेन्शन आलं."

"दाबू द्या त्यांना," मी म्हणालो. "तिथे खाली काही नाहीये."