सहा इंच नळी

बंदूक आमच्या घरात आली ती गोणपाटात गुंडाळून, एका रविवारी सकाळी. मी पोहे करत होते. माझ्या शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या एका बाईंचा भाऊ ती घेऊन आला होता. दिंडोरीकडे त्याचा द्राक्षमळा. रानडुकरांसाठी म्हणून त्याच्या वडिलांच्या वेळेपासून परवान्याची एकनळी बंदूक त्यांच्याकडे होती. ती जीपमधून खाली पडली आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचं चाक नेमकं तिच्या तोंडावरून गेलं. नळीचं टोक चेपलं होतं.

"बाई, तुमच्या मालकांचा हात लय साफ हाय, बहीण सांगते," तो मला म्हणाला. "चेपलेलं तेवढं काढून दिलं तर बरं होईल."

ह्यांचा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याचा गाळा होता, त्यात एक जुनं लेथ मशीन. कारखान्यांना लागणारे बुश, पिना, शाफ्ट हे करून देत. आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडल्यापासून दुसरं काही केलं नव्हतं. ह्यांनी नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिलं आणि बंदूक परत गोणपाटावर ठेवली.

"हे काम माझं नाही. बंदुकीच्या दुकानात द्या."

"दुकानात दिली की अर्ज आले, कागद आले, मुंबईच्या चकरा आल्या. इकडं डुकरं काय थांबत नाय."

मी चहाचे कप घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "एवढं काय त्यात? टोकच तर कापायचंय. बाईंचा भाऊ आहे, द्या करून."

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. बाहेरच्या माणसापुढे हे माझा शब्द मोडत नसत.

सोमवारी ह्यांनी नळी सहा इंच कापली, तोंड घासून गुळगुळीत केलं. मजुरी घेतली नाही. बुधवारी तो बंदूक घेऊन गेला आणि जाताना द्राक्षांची एक पेटी देऊन गेला. आम्ही ती वाटून खाल्ली.

पुढे काही महिन्यांनी निवडणूक लागली. निवडणुकीआधी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तशी त्यानेही नेली. तिथल्या फौजदाराने बंदूक हातात घेतली आणि विचारलं, नेम धरायचा मणी कुठे गेला? मणी नळीच्या टोकावर असतो. टोकच नव्हतं. नळीचं तोंड नवंकोरं चकाकत होतं. शेतकरी घाबरला आणि त्याने खरं ते सांगून टाकलं.

दुपारी गाळ्यावर पोलिसांची जीप आली. नंतर शेजारच्या गाळेवाल्याने मला सगळं सांगितलं. फौजदाराने विचारलं, "बंदूक तू कापलीस?"

हे म्हणाले, "हो. टोक चेपलं होतं."

"तुकडा कुठाय?"

लोखंड चांगलं होतं, पुढेमागे बुश करता येईल म्हणून ह्यांनी तो ठेवून दिला होता. मशीनखालच्या डब्यातून ह्यांनी स्वतःच तो काढला, तेलकट होता म्हणून चिंधीने पुसला आणि फौजदाराच्या हातात दिला. पंच म्हणून शेजारच्या गाळ्यातले दोन कामगार उभे केले. त्यांनी सह्या केल्या. जीपमध्ये बसताना हे त्यांना म्हणाले, "तासाभरात येतो. ड्रिलच्या कामाचा माणूस आला तर बसवून ठेवा."

अकरा दिवसांनी जामीन झाला.

त्या अकरा दिवसांत मी कोर्टाबाहेरच्या पुस्तकवाल्याकडून शस्त्र कायद्याचं एक पातळ पुस्तक विकत घेतलं. चौथीच्या मुलांना धडा वाचून दाखवते तशी पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचली. कलम सहा : परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करायची नाही. कलम पंचवीस : केली तर तीन वर्षांपेक्षा कमी नाही, सात वर्षांपर्यंत कैद, आणि दंड. मी पान उलटून पाहिलं. का कापली, कोणासाठी, चेपली होती म्हणून की कोणाला मारायला, याबद्दल एक शब्द कुठे सापडतो का ते शोधत होते. नव्हता.

वकिलांकडे गेले. म्हातारे, शांत गृहस्थ होते. मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं.

"इथे लिहिलंय, खास कारण असेल तर न्यायाधीश कमी शिक्षा देऊ शकतात."

त्यांनी चष्मा वर केला. "ते बिनापरवान्याची बंदूक जवळ बाळगणाऱ्यासाठी आहे, बाई. नळी कापणाऱ्याला ती सवलत नाही."

"म्हणजे चोरून बंदूक ठेवली असती तर कमी झाली असती?"

"हो."

"आणि मीच आग्रह केला होता, असं मी कोर्टात सांगितलं तर?"

"तर तुम्हीही आरोपी व्हाल. ते सुटणार नाहीत. पोरांना मग कोण बघेल?" त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "हे बोलणं इथेच राहू द्या."

मी ते बोलणं तिथेच ठेवलं.

खटला सात वर्षं चालला. तारखेला आम्ही सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात जायचो, व्हरांड्यातल्या बाकावर बसायचो. शेतकरीही आरोपी होता, तोही तिथेच बसायचा. सुरुवातीला हे त्याच्याशी बोलत नसत. मग बोलू लागले, पावसाबद्दल, द्राक्षांच्या भावाबद्दल. एकदा तो माझ्याकडे बघून रडला. "बाई, मीच सांगतो साहेबाला, की मीच कापायला लावली." त्याच्या वकिलाने त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. आमचे वकीलही म्हणाले, त्याने सांगून काही फरक पडणार नाही, दोघेही जातील. चौथ्या वर्षी तो मळ्यात काम करताना हार्टअटॅकने गेला. त्यानंतर बाकावर आम्ही दोघेच. त्याची बहीण, आमच्या शाळेतल्या त्या बाई, मधल्या सुट्टीत माझ्यासोबत डबा खाईनाशा झाल्या आणि पुढच्या वर्षी बदली मागून गेल्या. मी त्यांना दोष दिला नाही. त्यांनीही मला दिला नसावा.

पंचांपैकी एकाने कोर्टात साक्ष फिरवली. म्हणाला, मी काही पाहिलं नाही, कोऱ्या कागदावर सही घेतली. ह्यांच्यासाठीच त्याने ते केलं होतं. पण दुसरा खरं बोलला. सरकारी वकिलाने त्याला विचारलं, तुकडा पोलिसांनी शोधून काढला का? तो म्हणाला, "नाही साहेब, त्यांनीच काढून दिला. पुसून दिला."

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी ह्यांना विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचंय का. आमच्या वकिलांनी सांगितलं होतं, हात जोडा, दोन मुलं शिकतायत म्हणा. हे म्हणाले, "साहेब, कापलेलं परत जोडता आलं असतं तर जोडून दिलं असतं. नाही येत." वकिलांनी चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडण्याची विनंती केली. ती नाकारली गेली. न्यायाधीश वाईट नव्हते. ते ह्यांच्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तीन वर्षांपेक्षा कमी मला देताच येत नाही." आणि तीन वर्षं दिली. अपिलातही तेच कायम झालं.

नाशिकरोडच्या तुरुंगात मी भेटीला जायची. जाळीच्या पलीकडे हे, अलीकडे मी, दोन्हीकडे पंधरा-वीस माणसं ओरडत बोलणारी. एका भेटीत मी ओरडूनच म्हणाले, "मी म्हणाले नसते तर तुम्ही केलं नसतं." एवढ्या गोंगाटात ह्यांना ऐकू गेलं नाही असं मला वाटलं. ह्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा म्हणाले. मग हे म्हणाले, "हात माझा होता." पुढे मुलांच्या परीक्षेचं विचारलं. हे रागावतील या आशेने मी गेले होते. रागावले असते तर मला काहीतरी सापडलं असतं धरायला.

आतल्या कारखान्यात ह्यांना हातमागावर बसवलं होतं. सतरंज्या विणायचे. लेथचं विचारलं तर म्हणाले, तिथे आहे म्हणे एक, पण मी मागितलं नाही.

शिक्षेत सूट मिळून अडीच वर्षांच्या आतच हे बाहेर आले. तोवर गाळा गेला होता, मशीन मी भंगारच्या भावाने विकलं होतं. सातपूर-अंबडला कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली होती. हे ओळखीच्या दोन कारखानदारांकडे गेले. दोघांनीही बसवून चहा पाजला. एकाने तर गेटपर्यंत सोडायला येऊन सांगितलं, "तुमच्याइतका कारागीर मिळणार नाही, पण पोलीस व्हेरिफिकेशन लागतं आता." हे घरी आले, चप्पल काढली आणि दुसऱ्या दिवसापासून कुठे गेले नाहीत.

मुलगा सैन्यात जायचं म्हणत होता. देवळालीचे तोफखान्याचे जवान लहानपणापासून पाहिलेले. भरतीचा फॉर्म आणला होता. वडिलांच्या खटल्यामुळे त्याला नाकारलं असतं की नाही, मला माहीत नाही. त्याने फॉर्म भरलाच नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "तिथे बंदूक हातात घ्यावी लागते, आई."

हल्ली हे गॅलरीत बसतात. समोर फ्लॅटचं काम चालू आहे, सळ्या कापायचा आवाज दिवसभर येतो. परवा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. मी विचारलं, "बघता का जरा?" ह्यांनी नळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "प्लंबरला बोलव," म्हणाले.

मी बोलावला. त्याने दहा मिनिटांत वायसर बदलला. हे दारात उभं राहून बघत होते. वायसर चुकीच्या मापाचा होता, मलाही कळलं. हे परत गॅलरीत जाऊन बसले.