हात न लावता दिलेला खो

लहान मुलांच्या हाडांचा एक डॉक्टर महिन्यातून एकदा परभणीत यायचा, खेळताना जायबंदी झालेली पोरं तपासायला. माझ्या खो-खोच्या संघातली सगळ्यात चपळ पोरगी घेऊन मी गंगाखेडहून त्याच्याकडे गेलो, आणि पहिल्याच भेटीत तो माझ्या डोळ्यांत खुपायला लागला.

बूट काढून तो तिच्यासमोर खाली फरशीवरच बसायचा. गुडघ्याला हात लावायच्या आधी तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचा. "लय पळतीस म्हणं तू?" एवढंच विचारायचा, आणि ती घडाघडा बोलत सुटायची. माझ्याशी मैदानावर तिचं एकच वाक्य असायचं, "दुखायलंय, सर."

ऑपरेशन होऊन गुडघा बरा झाला, तरी खो मिळाल्यावर उठायला ती घाबरायची. मी समजावलं, रागावलो, पण ती जागची हलायची नाही. शेवटच्या तपासणीला डॉक्टरनं तिला खोलीतच पाठमोरी बसवलं आणि तो लांबूनच म्हणाला, "खो!"

मला मनातून बरं वाटलं. पाठीला हात न लावता दिलेला खो म्हणजे फाऊल. थाप पडल्याशिवाय उठायचं नाही, हे मीच तिच्या अंगात भिनवलं होतं. ती उठणारच नव्हती.

ती उठली आणि दारापर्यंत पळत गेली.

"सर, उठले बघा!" ती ओरडली, त्याच्याकडे बघून.

मी शाब्बास म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं, "फाऊल!"