घरचं रक्त

माझं आणि नवऱ्याचं रक्त एकाच गटाचं निघालं, तेव्हा सासूबाईंनी डिचोलीभर सांगितलं होतं. त्यांच्या घरात परक्याचं रक्त अंगात घेणं म्हणजे परक्याच्या ताटातलं उष्टं खाण्यासारखं. म्हणून मी आजारी पडले, तेव्हा नवरा खनिजाचा ट्रक तसाच खाणीवर सोडून धावत इस्पितळात आला आणि बाही वर करून उभा राहिला.

कुठल्याशा औषधाची बाधा होऊन माझ्या रक्तातल्या प्लेटलेट पेशी बनायच्याच थांबल्या होत्या. वाहतं रक्त थांबवतात त्या ह्याच. हिरड्यांतून येणारं रक्त थांबत नव्हतं. नवऱ्याच्या रक्तातून काढलेली त्या पेशींची पिवळसर पिशवी लावली आणि थोड्या वेळात मी हुडहुडले, ताप चढला. पेशी काही वाढल्या नाहीत.

"नुसता गट जुळून भागत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला मुलं झालीत. पोटातल्या मुलातून बापाच्या रक्ताची खूण आईच्या अंगाला कळते, आणि कधीकधी अंग तिच्याशी वैर धरतं. नवऱ्याचं रक्त नको. त्याच गटाचं दुसऱ्या कुणाचं तरी आणा, आजच."

कोपरावर कापूस दाबून तो ऐकत होता. चारचौघांत मीच त्याला टाकून बोलले असावे, अशी मला लाज वाटली. माझंच अंग, आणि इतकं निलाजरं!

त्याच गटाचे त्याला माहीत होते ते दोघेच, त्याच्याच खाणीवरचे ड्रायव्हर. पण ते कोंकणीवाले आणि हा कट्टर मराठीवाला. गोव्याच्या राजभाषेच्या भांडणात ट्रकच्या रांगेत हमरीतुमरी झाल्यापासून बोलणं बंद. तो त्यांना काय म्हणाला कुणास ठाऊक. संध्याकाळी ते दोघे वॉर्डाच्या दारात होते, आणि हा त्यांच्या मागे, मान खाली घालून. त्यांच्या पिशव्यांनी रक्त थांबलं. पुढे माझ्या पेशी आपल्या आपण बनू लागल्या. सासूबाईंना आम्ही ह्यातलं काही सांगितलं नाही.

मी घरी आल्यावर ते दोघे मला बघायला आले. सासूबाईंनी त्यांना बाहेर पडवीतच बसवलं, चहा दिला आणि लेकाच्या कौतुकानं सांगितलं, "घोवाच्या रगतान वाचली हो!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "होय गे मावशे," एक जण म्हणाला, आणि बशीत चहा ओतू लागला.

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तरीही मी मनात देवाला विनवत होते, नवऱ्याला आता काही बोलू देऊ नकोस.

नवरा उठला. "आये, माज्या रगतान हिका हींव भरलां. वाचली ती ह्यांच्या रगतान."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा करत राहिले.