चीफच्या ओळीचं शेपूट

चीफला ‘नवीन’ हा शब्द चालत नसे. नळाचा वायसर आणायला गेला आणि दुकानदार म्हणाला, “हा नवीन आलाय, घेऊन जा,” की चीफ हात मागे घेई. “नवीन म्हणजे कुठला? नंबर सांग.” त्याचा जन्म बोटींच्या इंजिनरूममध्ये, चीफ इंजिनियर म्हणून गेलेला. तिथे सुट्या भागाचा नंबर चुकला की पुढच्या बंदरापर्यंत भलताच भाग हातात. निवृत्त होऊन आमच्या खाडीपलीकडे भाट्याला राहायला आला तरी त्याला कोणी नावानं हाक मारली नाही. मी बँकेतून निवृत्त झालेला, आमच्या आंबा बागायतदार संघाचा अध्यक्ष. मीही चीफच म्हणायचो.

साठीनंतर तो पायथन शिकला. पेटीवर कोणाची बाग, कुठली प्रत हे छापणारा संघाचा प्रोग्राम त्यानंच हौसेनं लिहिला. त्यातला स्टिकरचा भाग वेगळं पॅकेज करून त्यानं स्वतःच्या गिट रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या ऑनलाइन कोठारात ठेवला होता. बाकीची पॅकेजेस सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या भांडारातून येत, हे एकच त्याच्याकडून. म्हणून प्रोग्रामला काय काय लागतं ते सांगणाऱ्या फाईलीत या पॅकेजच्या नावापुढे रिपॉझिटरीचा पत्ता असे, आणि त्यापुढे एका ठराविक कमिटचा, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या एका आवृत्तीचा, अक्षरं-आकड्यांचा लांबलचक नंबर. त्यामुळे कुठल्याही कॉम्प्युटरवर तपासलेला तोच कोड उतरे. संघातले लोक त्या नंबराला शेपूट म्हणत.

बारीकशी दुरुस्ती असली तरी चीफ आधी तपासणार, मग शेपूट बदलणार, मग आम्हाला देणार. हंगामात एवढा धीर कोणाला? एका सभेत मी वैतागून म्हटलं, “चीफ, नंबर काढा नि तिथे मेन ब्रांच लिहा. ताजं असेल ते आपोआप येईल.”

“ताजं यायला ते काय मासे आहेत? माझ्या मेनवर अर्धवट कामही असतं.”

“चीफ, बोटीवरनं उतरा आता!” खजिनदार ओरडला. सगळे हसले. मीही हसलो आणि ठराव करून टाकला. चीफनं तिथल्या तिथे ओळ बदलून दिली. एवढंच म्हणाला, “आता इंजिनात काय पडेल ते मला विचारू नका.”

संध्याकाळी त्याचा मला फोन आला. “मेनवर दुसऱ्या शेडच्या बागांचे कोड अर्धेच घालून झालेत. मी कळवीपर्यंत तिथल्या नव्या कॉम्प्युटरवर काही उतरवू नका हो.” मी बरं म्हटलं. सकाळी त्या शेडवर टेम्पो उभे, माणसं खोळंबलेली. मी नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम उतरवायला सांगितलं. वाशीला पेट्या उघडल्या तेव्हा एकाच्या बागेचा आंबा दुसऱ्याच्या नावावर.

पुढच्या सभेत कोणीतरी म्हणालं, “चीफनं मुद्दाम केलं. बोलला नव्हता का, इंजिनात काय पडेल म्हणून?” चीफनं माझ्याकडे बघितलं. ‘त्यानं मला फोन केला होता’, एवढंच म्हणायचं होतं. मी पंख्याकडे बघत बसलो. त्यानंही फोनचं काढलं नाही. लॅपटॉप मिटला आणि गेला. परत संघात पाऊल टाकलं नाही.

अजूनही शेडवर कोणी काम बिघडवलं की “चीफसारखं मुद्दाम केलंस काय रे?” म्हणतात. ते ऐकलं की डोकं सणकतं. त्या हट्टी माणसाचाही राग येतो, तोंड का नाही उघडलं म्हणून. मग स्वतःचा येतो, आणि तो काही जात नाही. यंदाच्या सभेत सगळं सांगितलं. “भाऊ, जुनं कशाला उकरताय? चहा घ्या,” म्हणाले, आणि पुठ्ठ्यांच्या खोक्यांवर चर्चा सुरू झाली. म्हणून इथे लिहितो: चीफनं मुद्दाम केलं नव्हतं. त्यानं आधी सांगितलं होतं, आणि मला सांगितलं होतं.

चीफ वारल्यावर त्याच्या घरी भेटायला गेलो. वहिनींसमोर फोनचं बोललो. त्यांना ठाऊक होतं.

“भावजी, सभेचं ह्यांना काही नव्हतं हो. तुमचं काहीतरी अडलं असेल म्हणायचे. पण तुम्ही घरी यायचं सोडलंत, ते मात्र लागलं.”

आमच्या दोन घरांमध्ये फक्त भाट्याचा पूल होता.