विनूभाऊले दिसणाऱ्या रेघा

लॅपटॉप उघडून पुन्हा बंद केला की टेबलावर एखादा स्क्रू उरतोच. कुठला, ते कोणालाच सांगता येत नाही, आणि लॅपटॉप तर मस्त चालतो! आमच्या वणीच्या दुकानातले किस्से असेच उरलेले आहेत. पंधरा वर्षांत डबा भरला. दुकान दोघांचं, माझं आणि विनूभाऊंचं. विनूभाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, जिभेला तिखट, आणि ग्राफिक कार्डाच्या कामात त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. मी दरवेळी हसतच सुरू करतो. शेवटापर्यंत हसू टिकत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

*

मारेगावचा एक फोटो स्टुडिओवाला. लग्नाचे व्हिडिओ जोडताना लॅपटॉप अडकतो म्हणून पठ्ठ्यानं स्वतःच ऑनलाइन ग्राफिक कार्ड मागवलं आणि खोक्यासकट घेऊन आला. उघडतो तर काय, डेस्कटॉपचं कार्ड! दोन पंखे आणि विटेएवढं जाड.

"बसवून द्या," म्हणे.

विनूभाऊंनी एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात लॅपटॉप तोलला. "बसवतो ना बाप्पा! पण मंग कार्डातच लॅपटॉप बसवा लागन."

त्याचं तोंड एवढंसं झालं. मग विनूभाऊंनीच त्याला चहा पाजला आणि समजावलं. बहुतेक लॅपटॉपात कार्ड असं वेगळं नसतंच. एक चपटी चिप असते, बोर्डावरच सोल्डर केलेली. बदलायची तर गरम हवेनं कथील वितळवायचं, जुनी चिप उचलायची, नवी ठेवायची. केसभर सरकली की बोर्ड मेला.

*

राजूरचा एक कोळसा खाणीतला बाबू. लॅपटॉप तापून बंद पडतो, मोठं कार्ड बसवून द्या, म्हणाला. विनूभाऊंनी मागचं झाकण काढलं, तर पंख्यात काळी भुकटी गच्च!

"साहेब, ह्याले कार्ड नाही, डंपर पाह्यजे," विनूभाऊ म्हणाले. नुसता साफ करून दिला. तो लॅपटॉप अजून चालतो म्हणतात.

*

विनूभाऊंचा एक नियम होता. चिप बसली की स्क्रीन कोरी पांढरी करायची आणि ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत स्वतः पाहायची. चिप खराब असली की स्क्रीनवर रेघा येतात. ते पास करत नाहीत तोवर लॅपटॉप दुकानाबाहेर जायचा नाही, गिऱ्हाईक कितीही बोंबलो.

एकदा एका मास्तरांच्या लॅपटॉपला चिप टाकली. विनूभाऊंनी पाहिलं आणि म्हणाले, "रेघा हायेत." काढली, दुसरी टाकली. तरी रेघा. तिसरी टाकली. मी वाकून वाकून पाहिलं, मला काहीच दिसेना.

"मले त साफ दिसून राह्यलं, भाऊ," मी म्हणालो.

"तुले दिसत नाही म्हणून त मी आहो ना बे!"

मास्तरही भीत भीत म्हणाले, "मले बी चांगलंच दिसते हो."

"तुमचा नंबर वाढला, मास्तर! चष्मा बदला!"

दुकान हसलं. मीही हसलो. आज ते आठवलं की जीव कसनुसा होतो.

*

त्या महिन्यात प्रत्येक लॅपटॉपला रेघा येऊ लागल्या. विनूभाऊंनी नागपूरच्या माल देणाऱ्याला फोनवर धू धू धुतलं. "सारा लॉट सडका पाठवला! आमाले उल्लू समजतं काय?" तो बिचारा शपथा घेत राहिला. चांगल्या चिपा आम्ही उपटून फेकत होतो.

मग एके सकाळी ते दुकानासमोर थांबले. "शटर कोणं ठोकलं बे? वाकडं काहून झालं?"

शटर सरळ होतं. विनूभाऊंना साखरेचा त्रास जुना, हे मला माहीत होतं. तरी आठ दिवस मी तोंड उघडलं नाही. भित्रा माणूस मी. ज्यानं मला गरम हवेची गन धरायला शिकवली, त्याला काय सांगू, की रेघा तुझ्या डोळ्यांत आहेत?

शेवटी वहिनींना सांगितलं. डॉक्टरांकडे तिघंही गेलो. साखरेनं दोन्ही डोळ्यांचे पडदे सुजले होते, आत रक्त झिरपलं होतं. इंजेक्शननं उरलेली नजर टिकेल, गेलेली येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

विनूभाऊंनी विचारलं, "पडदा बदलून भेटते काय, साहेब?"

"नाही हो."

"म्हंजे आमच्या चिपसारखंच. बोर्डालेच चिकटून हाये." आणि ते हसले. वहिनी रडत बाहेर गेल्या.

*

तरी ते दुकानात येतच राहिले. घरी बसून भिंती काय पाहू, म्हणत. चिपा मी बसवायचो, पण स्क्रीन तपासायला त्यांच्याचपुढे ठेवायचो. कसा काढून घेणार ते काम? ते पाहायचे, मी हळूच मागून पाहायचो.

सविता राठोड म्हणून एक बाई आमच्याकडे यायची. तांड्यावरच्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. तिचा लॅपटॉप चार दिवस आमच्याकडे होता, फॉर्मची मुदत अंगावर आलेली, माणसं तिच्या दारात बसलेली. मी चिप बसवली आणि स्क्रीन न पाहताच पाच मिनिटं चहाला गेलो. चूक माझीच.

परत आलो तर विनूभाऊंनी लॅपटॉप तिच्यासमोर चालू करून ठेवलेला. स्क्रीनवर हिरव्या उभ्या रेघा, चांगल्या सात-आठ! चिपच खराब निघाली होती.

विनूभाऊ तिला सांगत होते, "मले त रेघा दिसून राह्यल्या, बाई. पण त्या माह्या डोळ्यातल्या हायेत, तुमी भिऊ नका. लॅपटॉप पास! घेऊन जा."

किती दिवसांनी त्यांचा आवाज असा मोकळा लागला होता!

सविताबाईनं स्क्रीनकडे पाहिलं. विनूभाऊंकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

तिनं लॅपटॉप मिटला आणि पिशवीत ठेवला.

"हो भाऊ," ती म्हणाली, "एकबी रेघ नाही."