चढावरचं मोठं इंजिन

जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनला आमच्या इमारतीशेजारच्या गॅरेजमध्ये सत्तरीच्या एक बाई जुन्या अमेरिकन गाडीत दुप्पट मोठं इंजिन बसवत होत्या. त्यांनी आयुष्यभर मोटारींच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवली होती. तिथे त्यांना इंजिनाला हात कधी लावू दिला नव्हता. मी मोटारींचा इंजिनिअर, ऑफिसातून येताना रोज तिथे थांबायचो. बोल्ट आवळला की त्या त्यावर दोनदा बोट टेकवायच्या, मगच पुढचा घ्यायच्या. आम्ही एकमेकांची नावं कधी विचारली नाहीत.

सरकारी तपासणीत गाडी दोनदा नापास झाली. एवढ्या ताकदीला जुने ब्रेक पुरणार नाहीत, असं तपासनीस म्हणाला. मला वाटलं, आता बाई चिडतील.

"आल्झो, म्हणजे तसं बघितलं तर, त्याचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मोठं इंजिन बसवणं सोपं असतं. ते थांबवताही आलं पाहिजे."

हिवाळाभर खपून त्यांनी चारही चाकांचे ब्रेक बदलले. एप्रिलमध्ये मंजुरीचा कागद मिळाला, तेव्हा मला म्हणाल्या, "बसा."

आमच्या रस्त्याच्या उभ्या चढावर, अगदी मध्यावर, त्यांनी गाडी पूर्ण थांबवली. मग अॅक्सिलरेटरवर पाय दाबला. मी सीटला चिकटलो. खिडक्यांतून माणसं डोकावली. टेकडीवर पोचल्यावर मी टाळ्या वाजवल्या. बाई हसल्या, "आणखी एकदा," म्हणाल्या आणि गाडी खाली वळवली.